जिंकलेल्या दुपारी बुडालेला हंगाम: फोर्टीनायनर्सचं २०२०

२० सप्टेंबर २०२०, न्यू जर्सीतलं मेटलाइफ स्टेडियम. करोनामुळे सगळ्या खुर्च्या रिकाम्या. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा रहीम मोस्टर्ट आक्रमणाच्या पहिल्याच चालीत चेंडू घेऊन सुटला, तो ८० यार्ड पळत जाऊन, शेवटची रेषा ओलांडून टचडाउन करूनच थांबला. समोर न्यूयॉर्क जेट्स होते. फोर्टीनायनर्सनी सामना ३१-१३ असा आरामात जिंकला. आणि त्याच दुपारी त्यांचा हंगाम बुडाला.

पहिल्याच क्वार्टरमध्ये निक बोसा हा त्यांच्या बचावाचा सर्वात धारदार खेळाडू गुडघा धरून पडला. त्याला गाडीत बसवून मैदानाबाहेर न्यावं लागलं. काही मिनिटांतच त्याच्याच फळीतला सॉलोमन थॉमस तसाच पडला. दोघांचीही एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारी पट्टी, फाटली होती. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, जिमी गारोपोलो याचा घोटा दुखावला आणि मध्यंतरानंतर तो परत आला नाही. ८० यार्ड पळालेला मोस्टर्टसुद्धा गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला. संघ जिंकून परतत होता आणि चार मोठे खेळाडू लंगडत होते.

हाच संघ साडेसात महिन्यांपूर्वी, २ फेब्रुवारी २०२० ला, मायामीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये २०-१० असा पुढे असूनही कॅन्सस सिटी चीफ्सकडून तो ३१-२० हरला. आता ती कसर भरून काढायची, असं सगळ्यांनी धरलं होतं. झालं काय, तर २०१९ मध्ये १३ विजय आणि ३ पराभव असलेला संघ २०२० मध्ये ६ विजय आणि १० पराभवांवर थांबला. चार संघांच्या गटात शेवटचा.

मी सांता क्लारा काउंटीत राहतो. फोर्टीनायनर्सचं लिव्हाइज स्टेडियम इथेच आहे. संघाच्या नावात सॅन फ्रान्सिस्को असलं तरी २०१४ पासून ते खेळतात आमच्याकडे. पुण्यातला माझा भाचा हल्ली एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची ही लीग, पाहायला लागला आहे. परवा फोनवर त्याने विचारलं, "मामा, संघात ५३ जण असतात ना? मग चार-पाच जखमी झाले तर बाकीचे खेळतील की. अख्खं वर्ष कसं बुडतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

५३ म्हणजे खरोखर किती?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी मैदानात प्रत्येकी ११ जण असतात. पण चेंडू आपल्याकडे असताना जे ११ उतरतात, ते चेंडू समोरच्याकडे गेला की बाहेर येतात आणि बचावाचे वेगळेच ११ आत जातात. लाथेने चेंडू मारायचा असेल तेव्हा तिसराच ताफा. म्हणजे ५३ मधले २२ नेहमीचे, तीन जण लाथ मारण्याशी आणि त्यासाठी चेंडू मागे फेकण्याशी संबंधित, आणि उरलेल्या २८ जणांत प्रत्येक जागेला जेमतेम एक-एक राखीव.

कबड्डीत चढाई करणारा वेळ पडली तर पकडही करतो. इथे तसं होत नाही. दीडशे किलोच्या आसपासचा लाइनमन समोरच्याला रोखून धरायलाच तयार केलेला असतो, तर कोपरा सांभाळणारा कॉर्नरबॅक त्याच्यापेक्षा कितीतरी हलका आणि वाऱ्यासारखा पळणारा. एकाच्या जागी दुसऱ्याला उभं करता येत नाही. त्यामुळे "५३ आहेत की" हा हिशोब कागदावरचा. एका विशिष्ट जागेपुरतं पाहिलं तर संघाकडे दोन, फार तर तीन माणसं असतात.

मुळात पहिला खेळाडू गेल्यावर दुसरा येतो तो तेवढ्या ताकदीचा का नसतो? याचं उत्तर पैशात आहे. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कडक मर्यादा असते. २०२० साली ती १९ कोटी ८२ लाख डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असो, त्याच्या वर जाता येत नाही. हे नियम मुद्दाम केलेले आहेत, पैशाच्या जोरावर एकाच संघाने सगळे चांगले खेळाडू गोळा करू नयेत म्हणून. मला तो नियम आवडतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की मोठ्या खेळाडूंना मोठे पगार दिले की राखीव खेळाडूंसाठी थोडेच पैसे उरतात. आणि जखमी खेळाडूला 'इंजर्ड रिझर्व्ह' यादीत टाकलं की तो ५३ मधून वजा होतो, त्याच्या जागी दुसरा घेता येतो, पण जखमीचा पगार त्या मर्यादेत मोजला जातोच. जागा मोकळी होते, पैसा मोकळा होत नाही.

फोर्टीनायनर्सना या मर्यादेचा चटका हंगामाआधीच बसला होता. मार्च २०२० मध्ये त्यांनी बचाव फळीतल्या एरिक आर्मस्टेडला मोठा करार दिला आणि त्याच आठवड्यात डिफॉरेस्ट बकनर या तितक्याच भारी खेळाडूला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे सोडलं. बदल्यात त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीतला १३वा क्रमांक मिळाला. दोघांनाही ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यातच डी फोर्ड पाठीच्या दुखण्याने पहिल्या सामन्यानंतर खेळलाच नाही, आणि दुसऱ्या सामन्यात बोसा गेला. २०१९ मध्ये समोरच्या संघांना धडकी भरवणाऱ्या चौकडीतला एकटा आर्मस्टेड उरला.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला आडवं पाडणं म्हणजे सॅक. २०१९ मध्ये फोर्टीनायनर्सचे ४८ सॅक होते, २०२० मध्ये ३०. हे नुसतं १८ ने कमी झालं असं समजू नका. बोसासारखा माणूस समोर असला की क्वार्टरबॅकला घाई करावी लागते. त्याला आणखी सेकंदभर मिळाला की मागे कॉर्नरबॅकला सेकंदभर जास्त पळत राहावं लागतं, आणि तेवढ्यात त्याच्या हातून माणूस निसटतो. गुडघा पुढच्या फळीत फाटतो, भगदाड मागच्या फळीत पडतं. त्यात मागच्या फळीचा म्होरक्या रिचर्ड शर्मनही पोटरीच्या दुखापतीने १६ पैकी ५ सामनेच खेळला.

गुडघा आणि घोटा

एसीएल हा शब्द आता आपल्याकडेही कबड्डीपटूंच्या आणि क्रिकेटपटूंच्या तोंडी असतो, पण ती नेमकी काय हे क्वचितच कुणी सांगतं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकलेलं असतं. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये म्हणून आतून एक जाड पट्टा दोन्ही हाडांना बांधून ठेवतो. तो पट्टा म्हणजे ही लिगामेंट. सरळ पळताना तिच्यावर फारसा ताण येत नाही. पाय जमिनीत रुतलेला आणि वरचं शरीर दुसरीकडे वळतंय, अशा क्षणी ती तुटते. पूर्ण फाटली की ती सहसा आपोआप जुळून येत नाही. शरीरातल्याच दुसऱ्या जागेची दोरी काढून तिथे बसवावी लागते, आणि ती पक्की व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तेव्हाचा १६ सामन्यांचा हंगाम चार महिन्यांत संपायचा. म्हणजे एसीएल गेली की ते वर्ष गेलंच.

गारोपोलोची दुखापत वरकरणी साधी वाटते. घोटा मुरगळला, एवढंच. पण त्याला झालेला प्रकार नेहमीच्या मुरगळण्यापेक्षा वाईट होता. पायातली दोन हाडं घोट्याच्या जरा वर जिथे एकमेकांना बांधलेली असतात, तो बांध ताणला गेला होता. प्रत्येक पावलाला वजन पडलं की ती दोन हाडं एकमेकांपासून दूर व्हायला बघतात, म्हणून हे दुखणं रेंगाळतं. आणि दुखापत उजव्या घोट्याला होती. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक मागच्या, म्हणजे उजव्या पायाने जमीन रेटूनच चेंडूत जोर आणतो. जोर खांद्यातून येतो असं आपल्याला वाटतं, पण त्याची सुरुवात टाचेत असते.

तो दोन सामने बसला आणि ११ ऑक्टोबरला मायामी डॉल्फिन्सविरुद्ध परत आला. १७ वेळा चेंडू फेकला, ७ वेळाच तो आपल्या माणसाच्या हाती पडला, दोनदा प्रतिस्पर्ध्याच्या. प्रशिक्षक काइल शॅनाहन यांनी मध्यंतराला त्याला बाहेर काढलं. फोर्टीनायनर्स ४३-१७ ने हरले. त्याला इतक्या लवकर उतरवायला नको होतं, असं माझं मत आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी सिएटलमध्ये तोच घोटा पुन्हा गेला आणि त्या वर्षी तो परत खेळला नाही. त्याच सामन्यात आक्रमणातला मोठा खेळाडू जॉर्ज किटल याच्या पावलाचं हाड मोडलं.

हंगामाअखेर १६ सामन्यांपैकी कोण किती खेळलं ते पाहा. किटल ८, मोस्टर्ट ८, चेंडू झेलणारा डीबो सॅम्युएल ७, गारोपोलो ६, बोसा २, फोर्ड १.

मैदानाचा दोष?

मेटलाइफच्या सामन्यानंतर खेळाडूंनी उघडपणे तक्रार केली की मैदानाचा पृष्ठभाग पायाला चिकटतो. तिथलं कृत्रिम गवत त्याच वर्षी नवं बसवलं होतं. लीगने तपासणी केली आणि सगळं नियमात आहे असं सांगितलं. दैव असं की पुढच्याच रविवारी फोर्टीनायनर्सना त्याच मैदानावर न्यूयॉर्क जायंट्सशी खेळायचं होतं. ते ३६-९ असे जिंकले, तेही राखीव क्वार्टरबॅक निक मलन्सला घेऊन.

खऱ्या गवतात बूट रुतला आणि जोर जास्त झाला की मातीचा ढेकूळ निघतो आणि पाय सुटतो. कृत्रिम गवत तसं सोडत नाही, मग ढेकळाऐवजी गुडघा सुटतो. खेळाडूंच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जे. सी. ट्रेटर यांनी त्याच महिन्यात २०१२ ते २०१८ चे आकडे मांडून म्हटलं होतं की कृत्रिम पृष्ठभागावर, कुणाचा धक्का न लागता होणाऱ्या पायाच्या दुखापतींचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त आहे. माझी सहानुभूती पूर्णपणे खेळाडूंकडे आहे. तरी बोसाचा गुडघा त्या गवतानेच फाडला, असं कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. त्या वर्षी करोनामुळे हंगामापूर्वीचे सगळे सराव सामने रद्द झाले होते आणि मे-जूनमधला एकत्र सरावही झाला नव्हता. शरीरं थेट लढाईत उतरली होती.

राखीव फळी काय करू शकते, काय नाही

मला त्या वर्षीचा एक सामना राहून राहून आठवतो. १३ डिसेंबर, समोर वॉशिंग्टन. फोर्टीनायनर्सच्या बचावाने त्या दिवशी वॉशिंग्टनच्या आक्रमणाला एकही टचडाउन करू दिला नाही. तरीही फोर्टीनायनर्स २३-१५ हरले. कसे? फोर्टीनायनर्सच्या हातून निसटलेला चेंडू चेस यंगने उचलला आणि ४७ यार्ड पळत नेला. मलन्सने फेकलेला चेंडू कॅमरन कर्लने मधेच पकडला आणि ७६ यार्ड पळत नेला. वॉशिंग्टनचे दोन्ही टचडाउन त्यांच्या बचावाने केले, बाकीचे गुण लाथेने मिळाले.

राखीव क्वार्टरबॅकचा संघ हरतो तो बहुतेक वेळा असाच हरतो. मलन्स वाईट खेळाडू नव्हता. शॅनाहन यांच्या चाली त्याला पाठ होत्या, आणि दहापैकी सात-आठ वेळा तो योग्य तेच करायचा. पण मुरलेल्या क्वार्टरबॅकला एक गोष्ट कळते: ही चाल आता फसली, चेंडू बाहेर फेकून द्यावा. राखीव खेळाडू ती संधी वाचवायला जातो. मलन्सने सुरुवात केलेल्या ८ सामन्यांत २ विजय मिळाले. शेवटी डिसेंबरात डॅलसविरुद्ध त्याचाही कोपर दुखावला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सी. जे. बेथर्डने शेवटचे दोन सामने खेळून काढले.

बचावाचे प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांचं मात्र मनापासून कौतुक करायला हवं. इतकी माणसं गमावूनही, समोरच्याला किती यार्ड पुढे सरकू दिलं या हिशोबात त्यांचा बचाव लीगमध्ये पहिल्या पाचांत राहिला. जानेवारीत जेट्सनी त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून नेलं.

हे कमी होतं म्हणून दुष्काळात तेरावा महिना. नोव्हेंबरमध्ये पॅकर्सविरुद्धच्या सामन्याला ट्रेंट विल्यम्स आणि ब्रँडन आयुक या आक्रमणातल्या दोघांना करोनाच्या संपर्कयादीमुळे बसावं लागलं. मग २८ नोव्हेंबरला आमच्या काउंटीने ज्या खेळांत अंगाला अंग भिडतं त्यांवर तीन आठवड्यांची बंदी घातली. संघाला ही बातमी लॉस एंजेलिसच्या प्रवासाच्या दिवशी कळली. घर सोडून सगळा ताफा ॲरिझोनात गेला आणि उरलेले 'घरचे' सामने ग्लेनडेलच्या परक्या मैदानावर खेळला. कुटुंबं इकडे, माणसं तिकडच्या हॉटेलात, आणि तेही नाताळच्या दिवसांत. काउंटीचा निर्णय चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. इथल्या रुग्णालयांत खाटा भरत चालल्या होत्या. पण स्टेडियमवरून जाताना आतले विझलेले दिवे बघून गलबलून यायचं, हेही तितकंच खरं.

एका वर्षाची दुखापत, पुढच्या वर्षांचा हिशोब

आता भाच्याच्या प्रश्नाचा खरा गाभा. एनएफएलमध्ये दरवर्षी कॉलेजमधून आलेल्या खेळाडूंची निवड होते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. जो संघ सगळ्यात खाली, त्याला निवडीचा पहिला मान. म्हणजे वाईट वर्षाची भरपाई व्यवस्थाच करून देते.

फोर्टीनायनर्सनी ही भरपाई आधी एकदा घेतली होती. २३ सप्टेंबर २०१८ ला कॅन्सस सिटीत गारोपोलोची एसीएल फाटली. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्याशी पाच वर्षांचा १३ कोटी ७५ लाख डॉलरचा करार झाला होता. तो हंगाम ४ विजय, १२ पराभव असा गेला, म्हणून २०१९ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा क्रमांक मिळाला आणि त्या क्रमांकावर निक बोसा आला. एकाचा गुडघा गेला नसता तर दुसरा या संघात आलाच नसता. त्या बोसाच्या जोरावर संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला, आणि मग त्याचाच गुडघा गेला.

२०२० च्या ६-१० नंतर मिळाला १२वा क्रमांक. ना धड वर, ना धड खाली. पण त्या वर्षाने व्यवस्थापनाच्या मनात एक गोष्ट पक्की केली होती. तीन हंगामांतल्या ४८ सामन्यांपैकी गारोपोलो २५ सामन्यांनाच उभा राहू शकला होता. चांगला असून उपयोग काय, हजर नसेल तर? मार्च २०२१ मध्ये जनरल मॅनेजर जॉन लिंच आणि शॅनाहन यांनी १२वा क्रमांक, २०२२ आणि २०२३ च्या ड्राफ्टमधले पहिल्या फेरीतले निवडीचे हक्क आणि वर तिसऱ्या फेरीतला एक हक्क मायामीला देऊन तिसरा क्रमांक घेतला. त्यावर ट्रे लान्स हा तरुण क्वार्टरबॅक निवडला. दुखापतीच्या भीतीने दिलेली ही किंमत होती, आणि ती फार होती असं मला तेव्हाच वाटलं होतं.

१८ सप्टेंबर २०२२ ला मी लिव्हाइजमध्ये होतो. लान्सचा त्या हंगामातला दुसराच सामना. चेंडू घेऊन मधून घुसताना तो पडला आणि उठलाच नाही. घोट्याचं हाड मोडलं होतं. सगळं मैदान चिडीचूप झालं, माझ्या शेजारच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. हे मैदान खऱ्या गवताचं आहे, हेही इथे सांगायला हवं. लान्स या संघासाठी हंगामातला एकही सामना पुन्हा खेळला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तो चौथ्या फेरीतल्या एका हक्काच्या बदल्यात डॅलसला गेला.

लान्सच्या जागी आला गारोपोलो. ४ डिसेंबर २०२२ ला त्याच्या पावलाचं हाड मोडलं. समोर होते मायामी डॉल्फिन्सच. मग आला ब्रॉक पर्डी, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा. आणि हा मुलगा एकामागून एक सामने जिंकत संघाला सुपर बोलच्या उंबरठ्यावर घेऊन गेला.

२९ जानेवारी २०२३, फिलाडेल्फिया. सामन्याच्या सुरुवातीलाच पर्डीच्या कोपराची लिगामेंट फाटली. त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला. तिसरा क्वार्टरबॅक उतरवायला नव्हताच, म्हणून चेंडू दूरवर फेकता न येणारा पर्डी पुन्हा मैदानात उभा राहिला, आणि जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू शेजारच्याच्या हातात देत राहिला. समोरचे फिलाडेल्फिया ईगल्स ३१-७ ने जिंकले.

त्याच वर्षी मे महिन्यात संघमालकांनी नियम बदलला. सामन्याच्या दिवशी आणीबाणीसाठी तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवता येईल, ठरलेल्या संख्येत तो धरला जाणार नाही, आणि पहिले दोघे जखमी झाले किंवा पंचांनी बाहेर काढले तरच त्याला उतरता येईल.